घरच्या कामात येणाऱ्या मुलास

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून आपल्या अंत्यविधी सेवेच्या कामात यायचं तू नक्की केलंस, हे बाबांकडून कळलं. आनंद झाला आणि काळजीही वाटली. परवा फोनवर तू विचारलंस की सगळ्या सेवांची दोन-तीन पॅकेजेस करून ठेवली तर कसं, लोकांना ठरवायला सोपं जाईल. त्याचं उत्तर फोनवर घाईघाईत देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे माणूस येतो तो कित्येक रात्रींच्या जागरणानंतर. त्याला एका दिवसात असे निर्णय घ्यायचे असतात, जे त्याने आयुष्यात कधी घेतलेले नाहीत आणि पुढे बदलताही येणार नाहीत. तो घासाघीस करत नाही. दुसरीकडे चौकशीही करत नाही, कारण वेळ नसतो, आणि पैशाचं बोललो तर गेलेल्या माणसावरचं आपलं प्रेम कमी ठरेल अशी भीती त्याला वाटत असते. समोर बसलेला मुलगा मान डोलावतो, पण निम्मं त्याच्या कानावरही पडलेलं नसतं. अशा माणसापुढे साधं, मधलं आणि उत्तम असे तीन पर्याय मांडले, तर ‘साधं’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. मग ऐपत नसताना तो मोठा आकडा मान्य करून जातो आणि पुढे महिनोन्महिने फेडत बसतो. त्यात आपला नफा होईल हे मला कळतं. तरीही आपल्या घरात हे होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

तुझ्या आजोबांची पद्धत एवढीच होती: प्रत्येक गोष्टीचा दर वेगळा, कागदावर लिहिलेला, आणि तो कागद बोलणं सुरू होण्याआधी समोरच्याच्या हातात. वाहन हवं असेल तर वाहनाचे पैसे, पेटी हवी असेल तर पेटीचे, नको त्याचे नाहीत. अमेरिकेत १९८४ पासून सरकारी नियमच असा आहे. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठरवून दिलं की चौकशीला आलेल्याला दरपत्रक द्यायचं, फोनवर विचारलं तरी दर सांगायचे, आणि कायद्याने गरज नसताना ‘एम्बामिंग (देह टिकावा म्हणून त्यात रसायनं भरणं) करावंच लागतं’ असं सांगायचं नाही. असा नियम करावा लागला, यावरूनच दुःखातल्या माणसाला काय काय विकलं जात असेल ते समजून घे.

एम्बामिंगचा विषय निघालाच आहे, तर तोही बोलून टाकते, कारण लोक सर्वांत जास्त गोंधळतात ते इथे. अमेरिकेत ही पद्धत रुजली ती १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात. दूर रणांगणावर पडलेल्या सैनिकांचे देह रेल्वेने घरी पोचवायचे होते. पुढे १८६५ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंकन यांचा देह रेल्वेने गावोगाव दर्शनासाठी नेला गेला आणि लाखो लोकांनी हे काम डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मूळ गरज लांबच्या प्रवासाची आणि उशिराची. आजही देह परदेशी न्यायचा असेल किंवा विधीला बरेच दिवस लागणार असतील, तर ते करावं. दोन-चार दिवसांचाच प्रश्न असेल, तर दोन ते चार अंश सेल्सिअसची शीतपेटी बहुतेक वेळा पुरते. विचारणाऱ्याला हे आपण आपणहून सांगायचं. आणि तू स्वतः एम्बामिंगच्या खोलीत काम करशील तेव्हा हवा खेचणारा पंखा सुरू आहे ना ते पाहूनच आत जा. त्या रसायनांतल्या फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्येच काढला आहे. मास्क गळ्यात लटकवून फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. तू तसं करायचं नाहीस.

आता देहाबद्दल. तुला सवय होईल, पण घरच्यांना ती नसते, हे विसरू नकोस. मृत्यूनंतर दोन-चार तासांत पापण्या, जबडा, मान ताठ व्हायला लागतात, साधारण बारा तासांत सगळं शरीर ताठ होतं आणि एक-दीड दिवसानंतर ते पुन्हा सैल पडत जातं. थंडीत हे सगळं सावकाश होतं, उकाड्यात लवकर. म्हणून डोळे मिटणं आणि हनुवटीखाली गुंडाळी देणं हे आधी करायचं. नंतर जोर लावायची वेळ येऊ द्यायची नाही. रक्त खालच्या बाजूला उतरतं, त्यामुळे पाठीवर जांभळे डाग दिसतात. ते पाहून ‘रुग्णालयात मारलं की काय’ असं मुली घाबरून विचारतात. त्यांना शांतपणे कारण सांग. कूस बदलताना छातीतली हवा बाहेर पडून कण्हल्यासारखा आवाज येऊ शकतो. नातेवाईक जवळ असतील तर आधीच सांगून ठेव, नाहीतर त्यांना ‘जीव आहे’ असं वाटतं आणि ती आशा दुसऱ्यांदा मोडते. नखं, दाढी वाढल्यासारखी दिसतात ती कातडी सुकून मागे सरकते म्हणून.

ज्यांना अंघोळ घालायची, कपडे चढवायचे, केस विंचरायचे असतील, त्यांना ते करू दे. तू बाजूला उभा राहून हात दे. आपण हे काम झटपट करतो, म्हणून लोकांच्या हातून ते काढून घ्यावं असं नाही. मी कित्येक लेकींना आईची वेणी घालताना पाहिलं आहे. आत येताना थरथरणारे त्यांचे हात वेणी घालता घालता स्थिर होतात. त्यांच्यासाठी अर्धा तास जास्त लागला तर लागू दे.

यावर कोणी म्हणेल, रोगराई पसरेल. साथीचा आजार असेल तर डॉक्टर सांगतील ते अक्षरशः पाळायचं, त्यात तडजोड नाही. पण भीतीपोटी घरच्यांना सरसकट दूर लोटायचं नाही. पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती तेव्हा काय झालं ते वाच. देह पिशवीत बंद करून परस्पर नेऊ लागले, तेव्हा लोकांनी आपली माणसं लपवली आणि आजार आणखी पसरला. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धर्मगुरूंना सोबत घेऊन नवी पद्धत आखली: देहाला हात लावायचा नाही, पण कुटुंबाला बोलावायचं, त्यांना विचारायचं, प्रार्थना करू द्यायची. इतक्या भयंकर आजारात जर घरच्यांसाठी जागा ठेवता येते, तर आपल्या रोजच्या कामात ती का ठेवता येऊ नये?

कागदपत्रांत मात्र कुणाच्याही भावनेपुढे नमायचं नाही. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण लिहून दिल्याशिवाय देह हलवायचा नाही. अपघात, पडणं, विष, गळफास, किंवा नुसता संशय असला तरी आधी पोलीस. तोवर धुणं-पुसणं, कपडे बदलणं, नळ्या काढणं, काहीही नाही. घरचे विनवण्या करतात, ‘मिटवून टाका’ म्हणतात. त्यांच्याजवळ बस, पाणी दे, पण हात लावू नकोस. नावाचं स्पेलिंग दोन माणसांकडून तपासून घे. दाखल्यात एक अक्षर चुकलं तर त्या घराला बँकेच्या आणि कचेरीच्या किती खेपा पडतात, ते पुढे तुला दिसेलच.

ओळखीची चिठ्ठी देह ताब्यात घेतानाच मनगटाला बांधायची, घोट्याला दुसरी. दागिने उतरवले तर यादी करून घरच्यांची सही घ्यायची. अंगावरच ठेवायचे असतील तर तसं लिहून घ्यायचं. दहन असेल तर छातीत पेसमेकर आहे का, हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. त्यातली बॅटरी उष्णतेने फुटते आणि दाहिनीवरचा माणूस जखमी होतो. दाहिनीत आठशे-नऊशे अंशांच्या आसपास तापमान असतं, दीड-दोन तास लागतात, आणि मोठ्या माणसाच्या अस्थी दोन ते तीन किलो भरतात. वजन माणूस लठ्ठ होता की बारीक यावर अवलंबून नसतं, हाडांवर असतं. लोक हळूच विचारतात, ‘या आमच्याच ना?’ या प्रश्नाचा राग मानू नकोस. नंबर कोरलेली धातूची चकती देहाबरोबर आत जाते आणि अस्थींबरोबर बाहेर येते, ती त्यांना दाखव. ज्याला बघायचं आहे त्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत थांबू दे.

लहान मुलांबद्दल माझं मत पक्कं आहे. मोठी माणसं मुलांना शेजारी पाठवून देतात आणि ‘आजी झोपली’ असं सांगतात. मग ते पोर रात्री झोपायला घाबरतं. आईवडील विचारतील तेव्हा एवढंच सांग: मुलाला साध्या शब्दांत खरं सांगा, आजी मेली, तिचं शरीर आता चालत नाही, तिला दुखत नाही, ती परत येणार नाही. मग त्याला विचारा, बघायचं आहे का. ‘हो’ म्हणालं तर आत काय दिसेल ते आधी सांगून हात धरून न्या, ‘नाही’ म्हणालं तर ओढू नका.

आणि जी बाळं जन्मत:च जातात त्यांच्याबद्दल. हे काम मला आजही जड जातं, तुलाही जाईल. पूर्वी आईला दाखवायचंही नाही असा शिरस्ता होता. मला तो क्रूर वाटतो. आता बाळाखाली ठेवायच्या थंड गाद्या मिळतात, त्यामुळे आईबापांना काही तास, कधी एखाद-दोन दिवस बाळाजवळ राहता येतं. बघायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं, पण संधी आपण द्यायची. पायाचे ठसे घ्यायचे का, विचारायचं. नाव ठेवलं असेल तर त्याच नावाने बोलायचं. या कामाचे पैसे आजोबांनी कधी घेतले नाहीत, आपणही घेत नाही. तू हिशेब हातात घेशील तेव्हाही ते तसंच राहावं, एवढं मागणं आहे माझं.

वस्तीत सगळे आपल्याला ओळखतात. याचा आधार होतो आणि ओझंही. भाजी घेताना, लग्नात, शाळेच्या दारात तीच माणसं भेटतात ज्यांच्या घरातलं तू सगळ्यांत वाईट दिवशी पाहिलेलं असतं: कोणी स्वतःहून जीव दिला, कुणाला कोणता आजार होता, कोणत्या भावांनी देहासमोर वाटणीवरून भांडण केलं, कोण दुसरीच बाई रडत आली. तोंडातून शब्द काढायचा नाही, घरीसुद्धा नाही. भावाभावांत वाद असेल तर बाजू घ्यायची नाही. कायद्याने जवळचा कोण ते कागदावरून ठरवायचं, आणि दोघांनाही वेगवेगळ्या वेळी दर्शन घेऊ द्यायचं.

मनावर येणारा भार मात्र आत दाबून ठेवू नकोस. कुणाचं काय झालं हे न सांगताही ‘आज जड गेलं’ असं म्हणता येतं. तेवढं म्हणत जा, मला किंवा सूनबाईला. बाबा कधी म्हणाले नाहीत आणि त्यांची झोप त्यात गेली, हे मी जवळून पाहिलं आहे.

शेवटी रात्रीच्या फोनचं. फोन उचललास की आधी तुझं नाव सांग, मग गेलेल्या माणसाचं नाव विचार, मग कुठे आहात, सोबत कोण आहे, डॉक्टर येऊन गेले का. एवढंच. दर, वाहन, वेळ, काही नाही. डॉक्टर येऊन गेले असतील आणि मृत्यू अपेक्षित असेल, तर त्यांना सांग: घाई नाही, थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवा, तुम्ही सांगाल तेव्हा आम्ही निघतो. देह लगेच हलवावाच लागेल असं बहुतेकांना वाटत असतं. हे ऐकल्यावर ते जो श्वास सोडतात तो फोनवरही ऐकू येतो.

सुरुवातीला रात्रीचे फोन मी आणि बाबाच घेऊ, तू शेजारी बसून ऐक. दरपत्रक नव्याने छापायचं आहे, ते तू कर. मोठ्या अक्षरात हवं, चष्मा घरी विसरून आलेल्यालाही वाचता येईल असं. त्यात पॅकेजचा रकाना ठेवू नकोस. येताना रबरी तळव्याचे, न घसरणारे बूट घेऊन ये. धुण्याच्या खोलीतली फरशी सतत ओली असते आणि आपल्याकडे तुझ्या मापाचे नाहीत.

तुझी,
आई