अण्णा, तुम्ही आधी फरशी ठोकून पाहिलीत

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आमची फियाट घरच्या गॅरेजमध्ये कामासाठी पहिल्यांदा लिफ्टवर उचलली आणि मी छोट्या स्टुलावर बसून तिच्या मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) ग्रीस लावलं. बाबांनी हे काम आयुष्यभर जुनी सोलापुरी चादर अंथरून, तिच्यावर उताणं पडून केलं. गाडीखाली जॅक आणि शेजारी विटा. त्यांच्यामागे मीही तसंच करत आले. एकदा जॅक कलंडला, तेव्हा काढलेलं चाक खाली आडवं ठेवलेलं होतं म्हणून निभावलं. त्या दिवशी गाडी उचलायची लिफ्ट घ्यायचं ठरवलं.

तुम्ही मेकॅनिक, म्हणून तुमच्याकडे मी फक्त भाव बरोबर आहे का ते विचारायला आले होते. एका विक्रेत्याने ४ टनांची दोन खांबांची लिफ्ट सुचवली होती. "फरशीत बोल्ट मारले की झालं," म्हणाला होता. मी ॲडव्हान्स द्यायच्या बेतात होते. तुम्ही कागद बाजूला ठेवलात आणि विचारलंत, "ताई, फरशीखाली काय आहे?"

मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जुळे सोलापूरला आलात, खिशात टेप आणि हातात हातोडी घेऊन. कोपऱ्यापासून दारापर्यंत फरशी ठोकत गेलात. मधे दोन ठिकाणी आवाज पोकळ आला. मग कडेला एक भोक पाडून दाखवलंत: अडीच इंचांचा कोबा, त्याखाली भराव, त्याखाली आपली काळी माती. सप्टेंबरच्या पावसात फुगणारी आणि मेमध्ये भेगाळणारी. दोन खांबांच्या लिफ्टचा सगळा भार दोन लहान बैठकींवर येतो, आणि गाडी खांबांपासून लांब हातांवर तोललेली असल्याने बोल्ट उपटायला बघतात, हे तुम्ही मला दाराची बिजागरी दाखवून समजावलंत. गाडी जेमतेम ९०० किलोची असली तरी भेगाळलेल्या कोब्यात बोल्ट धरणार कशाला?

मग उंची. छत १० फूट आहे हे मला पाठ होतं, पण मधला बीम साडेआठ फुटांवर आहे हे कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या लिफ्टचे खांबच नऊ फुटांच्या वर. फियाट पावणेपाच फुटांहून थोडी उंच, म्हणजे बीमखाली वर उचलायला साडेतीन फूट उरतात. भिंतीवर खडूने मारलेली तुमची ती रेघ मी अजून पुसलेली नाही.

मी म्हटलं, मग गाडीखाली उभं राहून काम करायला खड्डाच खणूया. तुम्ही तिथेच थांबवलंत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खड्ड्यात साचून राहते, आणि दिव्याची एक ठिणगी पुरते. चार खांबांची लिफ्ट आमच्या १० फुटी रुंदीत अडचणीची होती, शिवाय तिच्यावर चाकं मोकळी करायला वेगळा जॅक लागतो. राहिली सिझर लिफ्ट, म्हणजे गाडीच्या पोटाखाली कात्रीसारखी उघडत वर जाणारी. ती साधारण तीन फूट उचलते आणि घरच्या सिंगल फेजवर चालते. पण तिची खोटही तुम्हीच आधी सांगितलीत: मधली जागा अडते, म्हणून ब्रेक, चाकं, पाटे होतील, गिअरबॉक्स उतरवणं होणार नाही. तुम्हाला यात एक पैसा मिळणार नव्हता, आणि विकणाऱ्याने हे मला कधीच सांगितलं नसतं.

एवढं होऊनही कोबा फोडायला लावलातच. काळी माती काढून मुरूम भरला, धुम्मसने ठोकून घट्ट केला, जाळी टाकून ६ इंच काँक्रीट ओतलं. पंधराव्या दिवशी मी घाई केली तर "२८ दिवस पाणी मारा, मग बोला," एवढंच म्हणालात. तेव्हा राग आला होता. आज त्याबद्दल माफी मागते.

लिफ्ट बसवली त्या दिवशी तुम्ही गाडीच्या दाराखालचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचत गेलात. डाव्या बाजूला तो गंजून आत गेला, म्हणून लिफ्टचे रबरी ठोकळे गाडीच्या मजबूत पट्टीखाली सरकवलेत. मग माझ्याकडून दहा वेळा गाडी वर-खाली करून घेतलीत. लिफ्टच्या लॉकचा 'खट्' दोन्ही बाजूंनी ऐकल्याशिवाय खाली हात घालायचा नाही. गाडी तेलाच्या दाबावर सोडायची नाही, लॉकच्या लोखंडावर टेकवायची. लॉक सोडवायला आधी थोडं वर उचलावं लागतं, म्हणून मधेच वीज गेली तर खटपट न करता गाडी तशीच ठेवून घरात जायचं. हे तीनही नियम मी पाटीवर लिहून बटणाशेजारी लावले आहेत.

पैसे विचारले तेव्हा तुम्ही चहा संपवून उठलात. म्हणून हे पत्र, सगळ्यांसमोर. आता आई मला गाडीखाली काम करताना दर पाच मिनिटांनी हाक मारत नाही, अण्णा. बाबा गेल्यापासून ती मारत होती.

गिअरबॉक्सचा दुसरा गिअर अडकतो आहे. ते काम तुमच्याकडेच. पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन येते.

तुमची,
जुळे सोलापूरची फियाटवाली ताई