शिवसागराखालच्या गावांची नावे धक्क्यावर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरून वासोटा किल्ल्याची वाट खुली झाली की शनिवार-रविवारी बामणोलीच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. सकाळी साताऱ्याहून निघायचे, कासला थांबायचे, बामणोलीत वन विभागाची परवानगी घेऊन बोटीत बसायचे, शिवसागरातून म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून दीडेक तासाने वासोट्याच्या पायथ्याला उतरायचे आणि अंधार पडायच्या आत परत फिरायचे. दिवस सुंदरच जातो. लोकांनी यावे, बोटवाल्यांना आणि भाकरी-पिठलं करून घालणाऱ्या घरांना चार पैसे मिळावेत, असेच मला वाटते.

गेल्या हिवाळ्यात पुण्याचे पाहुणे घेऊन मी असाच गेलो होतो. बोट मध्यावर आली तेव्हा त्यांच्यातल्या एका शिकलेल्या मुलीने विचारले, "काका, हा तलाव नैसर्गिक आहे ना?" तिचा काय दोष? धक्क्यावर बोटीचे दर लिहिलेले होते, प्लास्टिकबद्दलची सूचना होती. आपण कशावरून चाललो आहोत, हे सांगणारी एक ओळही मला तिथे दिसली नाही.

माझ्या आईचे माहेर कांदाटी खोऱ्यात होते. कोयना धरणाचे पाणी चढू लागले आणि तिचे गाव उठले. खालच्या खाचरांत भात व्हायचे, वरच्या उतारावर नाचणी आणि वरी. भाऊबंदांपैकी काही वर डोंगरात सरकले, काही ठाणे जिल्ह्यात गेले. जाताना देव सोबत नेले. कोयनेची माणसे अशी रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूरपर्यंत विखुरली आणि त्यांच्यातल्या अनेकांचे जमिनीचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. आई लाँचमधून जाताना एका ठरावीक जागी पदर डोक्यावर घेऊन पाण्याला हात जोडायची. ती जागा तिला डोंगराच्या सोंडेवरून कळायची. तिच्यामागे मला ती नेमकी सापडत नाही.

१०५ टीएमसीचे हे धरण सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प उभा आहे, हे शाळेत शिकवतात. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण दरवर्षी निघते, निघायलाच हवी. पण त्याच्या आधी जी गावे घरादारासह पाण्यात गेली, त्यांचे नाव कोण घेतो?

कासचे पाहा. २०१२ मध्ये ते जागतिक वारशात गेले आणि आता सोनकी, तेरडा, गेंद, सीतेची आसवं ही नावे मुंबईची मुलेही घेतात. फुलाला नाव मिळाले म्हणून माणूस वाकून पाहू लागला, पाय जपून टाकू लागला. तसेच पाण्याचेही होईल.

माझी मागणी मोठी नाही. बामणोली आणि तापोळा या दोन्ही धक्क्यांवर एकेक मोठा फलक लावावा. त्यावर पाणी येण्यापूर्वीच्या खोऱ्याचा नकाशा असावा: कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्यांची जुनी पात्रे, जुन्या वाटा आणि बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव. भूसंपादनाच्या दप्तरात ही नावे आहेतच. कुठे देऊळ होते, कुठला पाणवठा कुणाचा, हे मात्र कागदावर नाही. ते सांगणारी माणसे तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, आज ती पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. त्यामुळे हे काम पुढच्या आराखड्यावर ढकलू नये, याच उन्हाळ्यात करावे. पाणी उतरले की घरांची जोती उघडी पडतात. त्या म्हाताऱ्या माणसांना बोटीत बसवून न्यावे, ती हाताने जागा दाखवून सांगतील.

बोटवाल्या तरुणांनाही ही माहिती द्यावी. त्यांच्यातले बरेच जण याच उठलेल्या गावांची नातवंडे आहेत. ही लाँच पलीकडच्या माणसांची एसटी आहे, बाजारहाट आणि दवाखाना तिच्यावरच चालतो, हेही त्यांनी पाहुण्यांना सांगावे. म्हणजे गर्दीच्या दिवशी डोक्यावर पाटी घेतलेल्या आजीला कुणीतरी सरकून जागा देईल.

आईकडून ऐकलेली अकरा गावांची नावे मी वहीत उतरवून ठेवली आहेत. फलकाचे काम जे खाते हाती घेईल, त्याच्याकडे ती वही नेऊन द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक वाचक, मेढा (जि. सातारा)