भाऊबीजेला कोण येतं, हे विचारणाऱ्या वकीलकाकांना

ती.स्व. वकीलकाका,
सा.न.वि.वि.

घराचा फेरफार मंजूर झाला. सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. तुमच्या ऑफिसात पेढे घेऊन आलो, तर तुम्ही पेढा बाजूला ठेवून आधी उतारा वाचायला घेतलात. माझ्या नावातली वेलांटीसुद्धा तपासलीत. त्या दिवशी जे बोलायचं होतं ते राहून गेलं, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे. परभणीत आणि आसपास आमच्यासारखे बरेचजण सध्या घर बघत फिरताहेत, त्यांच्याही कामी येईल.

आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा व्यवहार जवळजवळ ठरला होता. वसमत रोडच्या बाजूला दोन खोल्या, पुढं ओटा, 18 लाख रुपये. ह्यांच्या फंडाचे पैसे, माझी भिशी आणि मोडलेल्या पाटल्या. कर्ज घेतलं असतं तर बँकेच्या वकिलानं तरी कागद बघितले असते. आमचे कागद बघायला कुणीच नव्हतं. मध्यस्थ म्हणत होता, सातबारा दोघा भावांच्या नावावर आहे, मग अडचण काय? दोन लाख इसार रोख द्या आणि मोकळे व्हा. तुम्ही इसाराची पिशवी माझ्या मांडीवरून उचलून ह्यांच्या हातात दिलीत आणि म्हणालात, "घरी ठेवा. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख द्यायची-घ्यायची नसते, कायदाच आहे. आणि सातबारा ही महसुलाची नोंद आहे. त्यावरून मालकी ठरत नाही."

मग तुम्ही कामाला लागलात. दुय्यम निबंधकाकडं 30 वर्षांचा शोध घेतलात, पेपरात जाहीर नोटीस दिलीत. प्लॉटचा एनए म्हणजे बिगरशेतीचा आदेश, मंजूर लेआउट, बांधकाम परवाना, नळपट्टीपासून घरपट्टीपर्यंतच्या पावत्या, सगळं पाहिलंत. एवढ्यावर कुणीही थांबलं असतं. तुम्ही मात्र त्या सर्व्हे नंबरचं 1954-55 चं खासरा पत्रक काढलंत, त्याच्याही मागं जाऊन निजामाच्या काळातली उर्दू नक्कल काढलीत. भिंगाखाली बोट फिरवत तुम्ही एकेक शब्द लावत होता ते मला अजून दिसतं. वडलांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, त्यांच्याकडून वाचायला शिकलात म्हणे. "आपल्या मराठवाड्यात जमीन इनामाची तर नव्हती ना, खिदमतमाश, म्हणजे देवस्थानाच्या सेवेसाठी दिलेली, तर नव्हती ना, हे बघितल्याशिवाय पुढं जायचं नाही. वरती कॉलनी झाली तरी खालची जमीन तीच असते." जमीन इनामाची नव्हती. मला वाटलं, झालं.

पण तुम्ही घर बघायला आलात. ओट्यावर बसून चहा घेताघेता मोठ्या भावाला सहज विचारलंत, "भाऊबीजेला ओवाळायला कोण येतं हो?" तो बोलून गेला, "बहीण येते ना, सेलूकडून." तुम्ही कप खाली ठेवलात. त्या भावांच्या वडलांच्या माघारी झालेल्या वारस फेरफारात दोनच नावं होती.

दुसऱ्या दिवशी भावानं 100 रुपयांच्या स्टँपवरचं नोटरी केलेलं हक्कसोडपत्र आणलं. तुम्ही ते वाचून परत केलंत. घराजागेवरचा हक्क सोडायचा तर ते पत्र रजिस्टर करावं लागतं, नोटरीचा शिक्का त्याला पुरत नाही, हे मी तिथं पहिल्यांदा ऐकलं. शिवाय प्लॉट वडलांनी स्वतः विकत घेतलेला, आई आधीच गेलेली. म्हणजे 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं ती भावांच्या बरोबरीची वारस, एक तृतीयांश वाटा तिचा.

त्या ताई एसटीनं आल्या. कागदावरची सही त्यांचीच होती. म्हणाल्या, "अण्णांच्या तेरव्याला घेतली. रेशनकार्डातून नाव कमी करायचंय म्हणले होते." एवढं बोलून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. खोलीत कुणीच काही बोललं नाही.

काका, खरं सांगते, मला तेव्हा तुमचा राग आला होता. मला वाटलं, घर हातचं गेलं. आता नवं हक्कसोडपत्र रजिस्टर करून घेऊ, संपवू, असं मीच म्हणाले. तुम्ही माझ्याकडं बघून म्हणालात, "तिला सोडायला का लावायचं? लिहून देणार, म्हणजे विकणारी, म्हणून तिलाही उभी करा, आणि तिच्या वाट्याचा चेक तिच्या नावानं काढा. आधी सातबाऱ्यावर तिचं नाव लागू द्या." त्यात अडीच महिने गेले. भावांना समजवायला तुम्ही तीनदा स्वतः गेलात.

खरेदीच्या दिवशी मशीन ताईंचा अंगठा घेईना. कापूस वेचून वेचून रेषाच झिजलेल्या. ऑपरेटर वैतागला. तुम्ही खिशातला रुमाल ओला केलात आणि त्यांच्या हातात दिलात, त्यांनी सावकाश अंगठा पुसला. चौथ्यांदा लागला. पडद्यावर फोटोशेजारी नाव आलं तेव्हा ताईंनी ते मोठ्यानं वाचलं. मग सहा लाखांचा चेक पिशवीतल्या पासबुकात घालून पिशवी छातीशी धरून बसल्या.

घर माझ्या नावावर घ्या, हेही तुम्हीच सुचवलंत. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत, म्हणजे 18,000 वाचले आणि नोंदणी फी तेवढीच होती, ती त्यातच भागली. तुमची फी मात्र पहिल्या दिवशी सांगितली तेवढीच घेतलीत. उर्दू नकलेचे, भावांकडच्या चकरांचे वेगळे पैसे विचारले, तर पुढच्या पक्षकाराला आत बोलावलंत.

मागच्या भाऊबीजेला ताई भावाच्या नव्या घरी जाताजाता आमच्याकडं थांबल्या होत्या. मागच्या दाराशी त्यांच्या आईनं लावलेली तुळस आहे, ती आम्ही हलवली नाही. त्यांनी तांब्याभर पाणी घातलं, ओट्यावर बसून चहा घेतला आणि जाताना पायलीभर ज्वारी ठेवून गेल्या. त्यातली निम्मी तुमच्यासाठी आहे, तसं बजावून गेल्यात. रविवारी हे घेऊन येतील. नाही म्हणू नका.

तुमची,
खरेदीखतातली लिहून घेणार