मनगटावरची गाठ ठेचू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चवथ तोंडावर आली की आम्हा शिवणकाम करणाऱ्यांना रात्र पुरत नाही. यंदा त्या घाईतच माझ्या उजव्या मनगटाच्या पाठीवर चण्याएवढी गाठ आली. हात सरळ ठेवला की दिसायची नाही. कात्री धरून मनगट वाकवलं की टच्चकन उभी राहायची. महिन्याभरात ती सुपारीएवढी झाली आणि बांगड्या अडकायला लागल्या.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकी म्हणाल्या, जाडजूड पुस्तक घे नि एकदाच हाण, फुटून जाईल. मोबाईलवर तसा व्हिडिओही आला. पूर्वी इंग्रजांकडे ही गाठ बायबलने ठोकायचे, म्हणून गाठीलाही बायबलचंच नाव पडलं म्हणे. आमच्या घरात जड पुस्तक एकच, ज्ञानेश्वरी. ती मी कपाटातच ठेवली.

एका खासगी इस्पितळात गेले. सोनोग्राफी झाली, कागदावर ‘बर्सल सिस्ट’ लिहून मिळालं आणि याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या, एवढंच ऐकवलं. सिस्ट म्हणजे काय, विचारायला तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत. घरी नणंदेने तो शब्द वाचला आणि रडायलाच बसली. तिला वाटलं, कॅन्सर.

शेवटी सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी खोलीतला दिवा मालवला आणि मोबाईलची बॅटरी गाठीला टेकवून लावली. गाठ आतून लालसर उजळली, कंदिलासारखी. “आत रस आहे, म्हणून उजेड आरपार जातो. भरीव गाठ अशी उजळत नाही,” त्या म्हणाल्या. कागदावरचा ‘सिस्ट’ म्हणजे रसाने भरलेली पिशवी, आणि ‘बर्सल’मधला बर्सा म्हणजे हाड आणि स्नायूची दोरी एकमेकांवर घासू नयेत म्हणून असलेली पातळ पिशवी. कोपराला सुजते ती बहुधा हीच. मनगटावरची गाठ मात्र बहुतेक वेळा गँग्लियन असते. सांध्याच्या आवरणातून फुगा बाहेर येतो आणि त्यात साबुदाण्याच्या खळीसारखा घट्ट, पारदर्शक रस भरतो. अशा शंभर गाठींतल्या ६०-७० मनगटाच्या पाठीवरच येतात, २० ते ४० वयाच्या बायकांना जास्त. कॅन्सरशी हिचा संबंध नाही.

ठोकून ती फुटते खरी, पण मूळ आत राहतं आणि पुन्हा भरतं. वर बारीक हाड मोडलं तर काम बंद ते वेगळंच. गाठ तळहाताच्या बाजूला, नाडीपाशी असेल तर रक्तवाहिनी अगदी लागून असते. तिथे ठोकणं नको, घरची सुईही नको. नखाजवळच्या गाठीला टोचलं तर जंतू थेट सांध्यात जाऊ शकतात. साधारण निम्म्या गाठी आपसूक जिरतात. डॉक्टरांनी सुईने रस काढला तरी निम्म्याहून अधिक पुन्हा भरतात आणि ऑपरेशननंतरही काहींना परत येते. दुखत नसेल, बोटं बधिर होत नसतील, पकड जात नसेल, तर नुसतं लक्ष ठेवायचं. मला दोन आठवडे मनगटाला पट्टा आणि कात्रीला सुट्टी, एवढंच सांगितलं. चवथीच्या तोंडावर सुट्टी! निम्मी घेतली. पण तेवढ्यानेही गाठ उतरली. आज पुन्हा चण्याएवढी आहे.

एक मात्र घाईचं. मासळी साफ करताना काटा रुतला आणि दुसऱ्या दिवशी सगळं बोट सुजून वाकलं, सरळ करताना कळ मस्तकात गेली, तर ती गाठ नव्हे. बोटाच्या दोरीभोवतीच्या आवरणात पू होतो, आणि अंगठा व करंगळीची आवरणं थेट मनगटापर्यंत पोचलेली असतात. तेव्हा लेप लावत बसू नये, त्याच दिवशी इस्पितळ गाठावं.

बॅटरीची ती तपासणी आणि हे सगळं सांगणं मिळून दहा मिनिटं लागली नाहीत. खासगीत सोनोग्राफीचे पैसे घेतले, तर त्या कागदावरच्या शब्दाचा अर्थ मराठीत नाहीतर कोंकणीत सांगायला काय हरकत होती? आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या हाडांच्या डॉक्टरांकडून यावर लिहून घ्यावं, ही विनंती. काकींना कात्रण मीच नेऊन देईन.

आपली,
एक वाचक, फोंडा