पाण्याने ब्रूस ली मेला, हे कोणी ठरवले?

माननीय संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला ब्रूस लीवरचा लेख वाचून हे पत्र लिहितो आहे. अकोल्यात अनेक वर्षे मी मुलांना कराटे शिकवतो. लेखातली ‘ली कुटुंबाला शाप’ ही चौकट आणि हाँगकाँगच्या ट्रायड या गुन्हेगारी टोळ्यांवरचा संशय मी एक वेळ सोडून देईन, त्या गोष्टी ऐकतच आमची पिढी मोठी झाली. पण ‘अति पाणी पिण्यानेच ब्रूस लीचा मृत्यू’ हा मथळा सोडून देण्यासारखा नाही.

२०२२ मध्ये काही स्पॅनिश डॉक्टरांनी मूत्रपिंडविकारांच्या एका नियतकालिकात ही शक्यता मांडली. त्याच्या मूत्रपिंडांना जादा पाणी बाहेर टाकता आले नसावे, रक्तातले सोडियम घसरून मेंदूला सूज आली असावी, असा त्यांचा तर्क. तोवर माणूस जाऊन ४९ वर्षे झाली होती. तुमच्या लेखकाने तो तर्क निकाल म्हणून छापला आणि त्यावर ‘व्यायाम करणाऱ्यांनी पाण्यावर नियंत्रण ठेवावे’ असा सल्लाही दिला. कोणत्या आधारावर?

मागच्या एप्रिलमध्ये हाच मजकूर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होता. आमचा उन्हाळी वर्ग पहाटे सुरू होतो, तरी आठ वाजता अकोल्याचे पटांगण कसे तापते ते इथल्या माणसाला सांगायला नको. सहावीतला एक मुलगा किबादाचीत, म्हणजे पाय फाकवून गुडघे वाकवलेल्या पवित्र्यात, उभा होता. आधी नुसता डोळे मिचकावू लागला, मग गुडघ्यांतून खाली बसला. अंग तापलेले, ओठ पांढरे. त्याला व्हरांड्यात आडवे केले, पट्टा सैल केला, मानेवर ओला टॉवेल ठेवला. दप्तराशेजारची त्याची बाटली उचलली तर ती काठोकाठ भरलेली. ‘पाणी का नाही प्यायलास रे?’ विचारले, तर म्हणतो, ‘बाबांनी सांगितलं सर, क्लासमध्ये पाणी प्यायचं नाही. ब्रूस ली पाण्यानंच मेला.’

दवाखान्यात सलाइन लावावे लागले. मुलगा संध्याकाळपर्यंत ठीक झाला. त्याचे वडील चांगले शिकलेले, नोकरदार गृहस्थ. त्यांनी मला मोबाइलवर कात्रण दाखवले. ‘पेपरात आलंय सर,’ म्हणाले. संपादक महोदय, लोक अजूनही छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवतात. म्हणूनच मला तुमचा राग आला आहे.

त्याच ब्रूस लीविषयी नेमका उलटा तर्कही आहे, आणि तुमच्या लेखात त्याची एक ओळ नाही. मृत्यूच्या सुमारे दोन महिने आधी, १० मे १९७३ रोजी, तो हाँगकाँगमध्ये डबिंग करताना कोसळला. यंत्राचा आवाज ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून खोलीतला एसी बंद ठेवलेला होता. त्यावरून २०१८ मध्ये त्याच्या एका चरित्रकाराने मृत्यूमागे उष्माघात असण्याची शक्यता मांडली. हाही तर्कच. पण विदर्भात उन्हाळी वर्गाच्या तोंडावर छापायचाच होता, तर हा तरी छापायचा.

नोंदीत आहे ते एवढे. २० जुलै १९७३ रोजी अभिनेत्री बेटी टिंग पेई हिच्या घरी डोके दुखते म्हणून त्याने इक्वाजेसिक या वेदनाशामकाची गोळी घेतली, झोपला तो उठला नाही. वय ३२. मेंदूचे वजन साधारण १४०० ग्रॅम असते, शवविच्छेदनात त्याचे १५७५ भरले, म्हणजे मेंदूला सूज होती. चौकशीत लंडनहून आलेल्या डॉ. टीअर यांनी त्या गोळीतल्या घटकाची तीव्र प्रतिक्रिया हे कारण सांगितले आणि निकाल अपघाती मृत्यूचा लागला. तो निकाल कोणाला पटो न पटो, लेखात यायला हवा होता.

अफवा पिकल्या त्याचे कारणही साधे आहे. तो स्वतःच्या घरी, पत्नीसोबत असताना गेला, असे त्याच्या चित्रपटांच्या स्टुडिओने आधी सांगितले. ते खोटे निघाले आणि त्यानंतर लोकांनी कशावरच विश्वास ठेवला नाही. मुलगा ब्रँडन १९९३ मध्ये चित्रीकरणात बंदुकीची गोळी लागून गेला, त्यालाही तुम्ही शापाच्या चौकटीत बसवले. बनावट काडतुसाचे टोक नळीत अडकून राहिले होते आणि बंदूक कोणी नीट तपासली नाही. शाप म्हटले की त्या लोकांची जबाबदारी पुसली जाते. नानचाकूने (साखळीने जोडलेल्या दोन दांड्यांनी) टेबल टेनिस खेळतानाचा जो व्हिडिओ तुमच्या लेखकाने त्याच्या वेगाचा पुरावा म्हणून दिला आहे, तो २००८ मधल्या एका मोबाइल फोनच्या जाहिरातीचा आहे, त्यात दुसराच माणूस आहे. खऱ्या ब्रूस लीचा वेग त्याच्या चित्रपटांत दिसतो, तो पुरेसा आहे.

आणखी एक. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाच्या शापाला तुमच्याकडे अर्धे पान मिळते. आमच्या जिल्ह्यातल्या मुली राज्य पातळीवरून पदके घेऊन येतात, त्यांची बातमी दोन ओळींत, तीही नावे चुकवून. मी नावे टाइप करून पाठवतो, तरी चुकतात.

पाण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती येत्या रविवारी, त्याच पुरवणीत, तेवढ्याच टायपात छापावी. आतल्या पानाच्या तळाशी नको. उन्हाळी वर्ग पुढच्या आठवड्यात सुरू होत आहेत.

आपला,
एक कराटे प्रशिक्षक, अकोला