ठरावाने आमराई वाचत नाही : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आपण आमराईत आला होतात. बारवेच्या पायऱ्या पाहिल्यात, जुन्या आंब्यांखाली उभे राहिलात आणि ही जागा लोकांसाठी राखली जाईल असा शब्द दिलात. मालकाने बजावलेल्या खरेदी सूचनेची, म्हणजे ‘जमीन घ्या, नाहीतर मोकळी करा’ या नोटिशीची, २४ महिन्यांची मुदत गेल्या आठवड्यात संपली आणि विकास योजनेतले इथले उद्यानाचे आरक्षण व्यपगत झाले, म्हणजे आपोआप संपले. शेजारच्या जमिनीवर जे बांधता येते ते आता इथेही बांधता येईल. हे आम्हाला कुठल्या कार्यालयाने कळवले नाही. खुंट्या ठोकायला आलेल्या मोजणीच्या माणसांकडून कळले.

आरक्षण कसे मेले ते सांगतो, कारण हाच प्रकार राज्यातल्या कुठल्याही शहरात घडू शकतो.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याचे कलम १२७ सरळ आहे. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक मालकी हक्काच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना बजावू शकतो. त्यानंतर नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे शहराच्या महापालिकेला वा नगरपालिकेला, पूर्वी ६ महिने मिळत. २००९च्या दुरुस्तीने त्याचे १२ झाले, २०१५मध्ये २४. मुदत चौपट झाली, कामाचा वेग तोच राहिला.

या मुदतीत जमीन संपादन करावी लागते, नाहीतर संपादनाचे पाऊल तरी उचलावे लागते. सगळा घोळ या ‘पाऊल’ शब्दापाशी होतो. सर्वसाधारण सभेने ठराव केला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र गेले, की अधिकारी पाऊल पडले असे समजून स्वस्थ बसतात. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की ठराव आणि पत्रव्यवहार म्हणजे पाऊल नव्हे, संपादनाची अधिघोषणा, म्हणजे ही जमीन घेत असल्याची सरकारी घोषणा, प्रसिद्ध झाली तरच ते पाऊल. २०१३मध्ये श्रीरामपूर नगरपरिषदेच्या प्रकरणात तेच पुन्हा सांगितले. तरीही आमच्या प्राधिकरणाने २४ महिन्यांत काय केले? एक ठराव, दोन पत्रे आणि पुन्हा पुन्हा परत आलेला प्रस्ताव.

अधिघोषणेपर्यंतचा रस्ता लांब आहे, म्हणून तो उलटा मोजावा लागतो. तिच्या आधी संयुक्त मोजणी. त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांकडे परिपूर्ण प्रस्ताव, म्हणजे सातबारा, मिळकत पत्रिका, फेरफार, नकाशा आणि पैशाची तरतूद. आमचा प्रस्ताव पहिल्यांदा परत आला कारण सातबाऱ्यावर मृतांची नावे होती, वारसनोंद झालेली नव्हती. दुसऱ्यांदा परत आला कारण विकास योजनेच्या नकाशावरची हद्द आणि मोजणीची हद्द जुळेना. तिसऱ्यांदा रक्कमच जमा नव्हती. यातली एकही अडचण खरेदी सूचनेमुळे उभी राहिली नाही. तिन्ही आधीची १० वर्षे तशाच पडून होत्या.

वारसनोंद आणि हद्द जुळवणे हे काम आरक्षणाच्या सातव्या वर्षीच पूर्ण करता येते. त्यासाठी फार पैसा लागत नाही. एक सर्वेक्षक, तलाठ्याकडच्या चार खेपा आणि कुणीतरी जबाबदार धरलेला माणूस एवढे पुरते.

आता पैशाबद्दल. प्रत्येक सभेत ‘निधी नाही’ या दोन शब्दांवर विषय संपतो. २०१३च्या भूसंपादन कायद्याने शहरी जमिनीला बाजारमूल्य आणि त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम, म्हणजे साधारण दुप्पट द्यावे लागते. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के वेगळे. जमीन जितकी उशिरा घ्याल तितकी महाग पडते, आणि उशीर मात्र काटकसर म्हणून खपवला जातो. आरक्षणे नकाशावर हिरव्या रंगात भरायची आणि अंदाजपत्रकात त्यांच्यासमोर आकडाच लिहायचा नाही, ही लोकांची फसवणूक आहे. हा शब्द आम्ही विचार करून वापरतो आहोत.

रोख नको असेल तर हस्तांतरणीय विकास हक्काचा, म्हणजे टीडीआरचा मार्ग नगररचना अधिनियमाच्या कलम १२६ने दिला आहे : जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क. राज्याच्या २०२०च्या एकत्रिकृत बांधकाम नियमावलीत दाट वस्तीबाहेर जमिनीच्या दुप्पट आणि दाट वस्तीत तिप्पट टीडीआर मिळतो. आमराई २ हेक्टर आहे, म्हणजे २०,००० चौरस मीटर जमिनीपोटी ४०,००० चौरस मीटरचा हक्क. पण हा व्यवहार मालकाच्या संमतीनेच होतो, तो लादता येत नाही. जमीन बोजारहित द्यावी लागते. कुळाची नोंद, भावकीचा दावा, जुने गहाण यांतले एक जरी निघाले तरी टीडीआर अडकतो. त्यातून बाजारात टीडीआर मुबलक झाला की भाव पडतो आणि मालक रोखच मागतो. पुण्याच्या टेकड्यांचे उदाहरण समोर आहे. १९९७मध्ये शहरात आलेल्या २३ गावांतल्या सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर नागरिकांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आले. २०१५मध्ये सरकारने मोबदला ठरवला ८ टक्के टीडीआर. दुप्पट कुठे आणि ८ टक्के कुठे! इतक्या मोबदल्यावर जमीन कोण खुशीने देईल?

म्हणून आमराईच्या मालकांना आम्ही दोष देत नाही. त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ही झाडे तोडली नाहीत, बारव बुजवली नाही. त्या बदल्यात त्यांना १० वर्षांहून अधिक काळ या जमिनीवर काही बांधता आले नाही आणि दमडीही मिळाली नाही. कलम १२७ त्यांच्यासाठीच आहे आणि ते असलेच पाहिजे. नागरिक आणि मालक यांना एकमेकांसमोर उभे करून प्राधिकरण मधून निसटते, याचा आम्हाला खरा संताप आहे.

इमारती झाल्या तर काय उरेल तेही मोजून पाहिले. रेखांकनात (लेआउटमध्ये) १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, म्हणजे २,००० चौरस मीटर, तीही कुंपणाच्या आत आणि तिथल्या रहिवाशांपुरती. शहराच्या नियोजनासाठी केंद्राची २०१४ची मार्गदर्शक तत्त्वे माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सांगतात; त्या हिशेबाने ही जागा फार तर दोनशे माणसांना पुरेल. झाडांबाबत राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाड ‘हेरिटेज वृक्ष’ ठरते. ते तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावून ७ वर्षे जगवायची. ८० वर्षांच्या एका आंब्यामागे ८० रोपे! ती कुठे लावणार? जागा तर इमारतींनी घेतलेली असणार.

आणि जागा मिळाली तरी तिच्यावर ‘सुशोभीकरण’ सोडू नका, हेही आत्ताच सांगून ठेवतो. आंब्याची अन्न शोषणारी बारीक मुळे वरच्या दोन-एक फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्या बाहेरपर्यंत पसरतात. त्यांवर भराव टाकून पेव्हर ब्लॉक बसवले की मुळांना हवा मिळत नाही. झाड लगेच मरत नाही, काही वर्षांनी शेंड्याकडून वाळत येते. तोवर ठेकेदाराचे बिल निघालेले असते. बारवेचे सांधे चुन्याचे आहेत. तिथे सिमेंट भरले की दगडातली ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती दगडातूनच वाट काढते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. गाळ हाताने काढा, चुना चुन्यानेच भरा, बारवेजवळ बोअर मारू देऊ नका.

१९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगळूरच्या प्रकरणात उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देणे बेकायदा ठरवले होते. उद्यान ही सरकारने लोकांवर केलेली मेहेरबानी नाही, हे तेव्हापासून ठरलेले आहे. मग खरेदी सूचना आली त्याच दिवशी ती संकेतस्थळावर आणि जागेच्या फाटकावर का लागली नाही? लागली असती तर वारसांना एकत्र बसवायला आम्ही २४ महिने आधी सुरुवात केली असती. वर्गणीसाठी लोक तयार होते. त्यांना उत्तर मिळाले की अशी रक्कम स्वीकारायला लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबात खाते, नाही. एक लेखाशीर्ष उघडायला किती वर्षे लागतात, मंत्रिमहोदय?

अजून बांधकाम परवानगीचा अर्ज दाखल झालेला नाही. थेट खरेदीची वाट उघडी आहे. आमराई आणि बारव शहराच्या वारसा (हेरिटेज) यादीत घेण्याचा प्रस्ताव देता येतो. वृक्ष प्राधिकरणाकडून प्रत्येक झाडाचे वय आणि घेर यांची नोंद आठ दिवसांत होऊ शकते. मालकांना आणि आम्हाला एकाच टेबलावर बोलवा, पण सोबत रकमेचा आकडा घेऊन या. वारसांची यादी, जुने फेरफार आणि १९३ झाडांची आम्ही केलेली मोजणी या पत्रासोबत आपल्या कार्यालयात देत आहोत. पोच द्यावी.

आपले,
आमराईसाठी एकत्र आलेले नागरिक