वरोऱ्याच्या डायनासोरांना निदान एक फलक मिळावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला विदर्भ पर्यटनावरचा लेख वाचला. चंद्रपूर जिल्ह्याच्या वाट्याला नेहमीप्रमाणे ताडोबा, किल्ला आणि महाकालीचे देऊळ आले. वरोरा तालुक्यातल्या पिसदुरा आणि डोंगरगावचा उल्लेखही नव्हता. जगभरचे जीवाश्म अभ्यासक ही दोन्ही गावे ओळखतात; जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांना मात्र ती ठाऊक नसतात.

महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की लाव्हा पसरण्याआधी इथे काय होते, हा प्रश्नच पडत नाही. इथे नद्या होत्या, तळी होती. सुमारे 7 कोटी ते 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी त्यांनी साठवलेल्या गाळाला भूशास्त्रज्ञ लमेटा म्हणतात. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या घाटाचे हे नाव. आपल्याकडे हा थर खालच्या, त्याहून कितीतरी जुन्या गोंडवना खडकांवर बसला आहे आणि वरून त्याला लाव्हाने झाकले आहे. जिथे वरचा कातळ झिजला, तिथे तो उघडा पडतो. पुराच्या पाण्याने पसरलेली लाल माती आणि तळ्याच्या तळाशी साचलेली बारीक पदरांची माती, दोन्ही या परिसरात पाहायला मिळतात.

डोंगरगावला लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. 1997 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले. हाडे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये गेली आणि पुढे त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्या प्राण्याचे ‘आयसीसॉरस’ असे नामकरण झाले. तक्रार नाही, कष्ट त्यांचे. पण इथे निदान एखादी प्रतिकृती तरी?

पिसदुऱ्याची खरी श्रीमंती मात्र शेणात आहे. हसू नये! तिथल्या लाल मातीत दगड झालेले विष्ठेचे गोळे मिळतात. त्यांत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे सूक्ष्म कण सापडले आणि 2005 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतेच, अशी तोवरची समजूत होती. ती या गोळ्यांनी मोडली. 2011 च्या पुढच्या अभ्यासात तर त्यांत भाताच्या कुळातल्या गवताचे अवशेष निघाले. मूल, नागभीड, ब्रह्मपुरीकडच्या धान पिकवणाऱ्या शेतकऱ्याला हे कुणी सांगितले आहे का? याच मातीतल्या एका नामशेष सापाला ‘माडट्सोइया पिसदुरेन्सिस’ असे नावही मिळाले आहे, म्हणजे गावाचे नाव विज्ञानाने घेतले, आपण नाही.

याच लमेटा थरावर गुजरातने बालासिनोरजवळच्या रय्योलीला कुंपण घालून उद्यान केले, 2019 मध्ये संग्रहालयही उघडले. आपण त्याची हुबेहूब नक्कल करावी असे मी म्हणणार नाही. पिसदुऱ्याचे अवशेष शेतांतून निघतात, आणि ‘काही सापडले’ म्हटले की जमीन जाईल ही धास्ती शेतकऱ्याला वाटली तर त्यात त्याची चूक नाही. म्हणून भूसंपादनाचा विषय आधीच स्पष्टपणे बाजूला ठेवावा. नांगराला काही लागले तर ते कुणाला दाखवायचे, एवढे गावाला माहीत असावे. हौसेने उचलून नेलेला गोळा शोकेसमध्ये शोभतो. पण तो कुठल्या थरातून आला याची नोंद नसेल, तर अभ्यासाला त्याचा जवळजवळ काहीच उपयोग उरत नाही.

दोन्ही गावांच्या रस्त्यावर मराठीत एकेक फलक, वरोऱ्यात एखादी खोली, तिथे आयसीसॉरसच्या हाडांच्या प्रतिकृती आणि विष्ठेचे दोन-चार खरे नमुने, असे काम जिल्हा नियोजनाच्या निधीतून सहज होण्यासारखे आहे. जिल्हा परिषदेने पुढच्या शैक्षणिक वर्षाआधी ते हाती घ्यावे, आणि आपणही पुरवणीच्या पुढच्या अंकात पिसदुऱ्याला अर्धे पान द्यावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. चंद्रपूर